अडखळ

‘प्राणदा’मध्ये दुवा आला तेव्हा सगळ्यात जास्त हायसं वाटलं ते शर्वाणी मगदूमला. ती तिथली गुणवत्ता विभागाची प्रमुख. माल तपासायचा आणि नापास झाला तर ज्याने तो केला त्याला तसं सांगायचं, हे तिचं काम. तपासण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सांगायची वेळ आली की मात्र तिच्या घशाला कोरड पडायची. समोरच्याने जरा आवाज चढवला की ही गप्प. मग जागेवर येऊन लांबलचक मेसेज लिहीत बसायची. “तू कुस्तीसुद्धा टाइप करून खेळशील,” असं तिची मैत्रीण तस्नीम म्हणायची.

कोल्हापूरहून कागलकडे जाताना जी औद्योगिक वसाहत लागते तिथे हा कारखाना. तिथे पंप बनत. विहिरीवरचे नव्हेत, दवाखान्यातले. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला औषध भसकन टोचून चालत नाही. ते थेंबाथेंबाने, तासन्‌तास द्यावं लागतं. त्यासाठी एका डब्यात छोटी मोटर, मोटरीला गिअर, गिअरला स्क्रू, आणि तो स्क्रू सिरिंजचा दट्ट्या मुंगीच्या पावलांनी पुढे ढकलत राहतो. शर्वाणी एकदा सांगलीच्या एका नवजात कक्षात हे पंप चालताना बघायला गेली होती. काचेच्या पेटीत ओंजळीएवढं बाळ, अंगाला नळ्या, आणि खोलीत आंघोळीनंतरच्या न्हाणीघरासारखी दमट ऊब. तिथली नर्स बाळाकडे बघायची, मग पंपाकडे, मग परत बाळाकडे. शर्वाणीला त्या दिवशी घरी आल्यावर जेवण गेलं नव्हतं.

आता दुवा. दिसायला ते साधं मेसेजिंगचं ॲप. अशी ॲप तोवर सगळ्याच कारखान्यांत आली होती. मनगटावरच्या पट्ट्यावरून कोण कामात गढलंय ते ती ओळखायची, त्याचे मेसेज तेवढा वेळ अडवून धरायची, शेकडो मेसेजांचं सार दोन ओळींत हातात ठेवायची. दुव्याची गंमत याच्या पुढे होती. तो पाठवलेले मेसेज वाचायचाच, पण न पाठवलेलेही वाचायचा.

कल्पना बंगळुरूच्या एका छोट्या गटाची. त्यांचं म्हणणं असं, की ऑफिसात जितका वेळ गप्पांत जातो त्याच्या कितीतरी पट संकोचात जातो. साहेबाला न आवडणारी गोष्ट माणसाला सोमवारी कळलेली असते. तो ती शुक्रवारी सांगतो, किंवा सांगतच नाही. पण सांगायचं मनात आलं की अंगठे हलतात. तो लिहितो, थांबतो, खोडतो, शब्द बदलतो, आणि शेवटी सगळं पुसून नुसतं ‘ओके सर’ पाठवतो. या थांबण्या-खोडण्याला आणि त्या वेळच्या नाडीच्या ठोक्यांना एक लय असते, प्रत्येकाची वेगळी. कुणी मुळातच घुटमळणारा, कुणी धडाधड पाठवणारा. दुवा आधी काही आठवडे नुसता बघत राहायचा आणि प्रत्येकाची नेहमीची लय शिकून घ्यायचा. पुढे एखाद्या विषयावर माणूस त्याच्या स्वतःच्या नेहमीपेक्षा जास्त घुटमळला की दुवा त्याला ‘अडखळ’ म्हणायचा, आणि ज्याला ती कळायला हवी त्याला कळवायचा. नाव न सांगता, शब्द न सांगता. फक्त एवढंच: ‘मोटरच्या तारखेबद्दल गटात शंका आहे. विचारून घ्या.’

कंपनीचे मालक यशोधन इंगवले. वडिलांनंतर नुकतेच खुर्चीवर आलेले, चाळिशीच्या आतले, उत्साही. त्यांनी दुवा आणायचा की नाही हे विचारलं तेव्हा शर्वाणीने दोन पानी मेसेज लिहून होकार कळवला.

पहिले काही महिने खरोखर सोन्याचे गेले. बॅटरी पुरवणारा कारखाना बंद पडायच्या बेतात आहे हे खरेदी विभागातल्या एका पोराला माहीत होतं, पण तो कारखाना साहेबांच्या नात्यातल्या माणसाचा, त्याच्याविरुद्ध बोलणार कोण? त्याने लिहिलं आणि पुसलं. दुव्याने संध्याकाळपर्यंत इंगवल्यांना कळवलं, ‘बॅटरीच्या पुरवठ्याबद्दल शंका आहे.’ दुसरा पुरवठादार वेळेत मिळाला. मीटिंगा आपोआप आटल्या. असेंब्लीच्या हॉलमध्ये मोठा फलक लागला: सगळं आलबेल असेल तर हिरवा, कुठे अडखळ असेल तर पिवळा, जास्त असेल तर लाल. उत्पादन असं वाढलं की इंगवल्यांना पुण्या-मुंबईत भाषणं द्यायला बोलावणी यायला लागली. भाषणात ते शर्वाणीचं नाव घ्यायचे. तिला ते आवडायचंही.

मग माणसं शहाणी झाली.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं कोण जाणे, पण रजा हवी असेल तर मागायची गरज नाही हे सगळ्यांना कळलं. लिहायचं आणि पुसायचं. सुपरवायझरला आपोआप कळतं की ‘गटात थकवा आहे’. शेजारच्याच्या कामचुकारपणाबद्दल लिहायचं आणि पुसायचं. चहा पाणचट आहे, लिहायचं आणि पुसायचं. तोंडाने सांगितलं तर वाईटपणा येतो, पाठवलं तर नाव लागतं. पुसलं की दोन्ही नाही. हळूहळू ती तिथली भाषाच झाली. कुणी कुणाला काही सांगेनासं झालं आणि तरी सगळ्यांना सगळं कळत होतं. हॉलमध्ये शांतता असायची. पाहुणे येऊन म्हणायचे, काय शिस्त आहे!

त्या शांततेत शर्वाणीला मात्र हल्ली बसल्या जागी पाय हलवायची सवय लागली होती.

* * *

तस्नीम मुल्लाणी उत्पादनाची प्रमुख. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजपासून दोघी एकत्र. डबाही एकत्रच खायच्या. शर्वाणीच्या घरी कांदा-लसूण चालत नाही म्हणून तस्नीम तिच्यासाठी गवारीची नाहीतर दोडक्याची भाजी वेगळ्या डब्यात आणायची, आणि शर्वाणीने खर्चाचा विषय काढला की तिला गप्प करायची. त्या दुपारी तिने डबा उघडलाच नाही.

“हे काय आहे?” तिने फोन पुढे सरकवला. दुव्याची ओळ होती: ‘तुमच्या अलीकडच्या निर्णयांबद्दल एका निकटच्या सहकाऱ्याला काळजी वाटते.’

शर्वाणीचे कान तापले. नव्या पंपात तस्नीमने धातूचे गिअर काढून नायलॉनचे बसवले होते. हलके, कमी आवाजाचे, शिरोळच्या एका कारखान्यात बनणारे. घाई झाली, असं शर्वाणीला वाटलं होतं. आदल्या दिवशी तिने तसं तस्नीमला लिहिलं, वाचलं आणि पुसलं होतं.

“मी पाठवलं नव्हतं काही.”

“तेच म्हणतेय मी. निकटची सहकारी म्हणजे तूच ना? इथे दुसरं कोण आहे?” तस्नीमचा आवाज खाली होता, म्हणून जास्त लागत होता. “रोज समोर बसून जेवतेस. इथे बोलायचं होतंस. यंत्राकडे कशाला चुगली केलीस?”

“चुगली नाही गं. मी पुसलं म्हणजे मला सांगायचं नव्हतं.”

“तुला सांगायचं नव्हतं, हे आणखीनच वाईट.”

तस्नीमने डबे परत पिशवीत भरले. दुसऱ्या दिवसापासून ती असेंब्लीच्या बायकांबरोबर जेवायला बसायला लागली.

* * *

नव्या पंपाची पहिली मोठी ऑर्डर राज्यभरातल्या नवजात कक्षांसाठी होती. नियमाप्रमाणे सगळ्या चाचण्या पार पडल्या होत्या. तरी शर्वाणीने एक पंप उगाचच दमट हवेच्या पेटीत चालू ठेवला. असं करायला कुठल्या नियमात सांगितलेलं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढून सांगलीची ती न्हाणीघरासारखी खोली गेली नव्हती, एवढंच.

काही दिवसांनी पडद्यावरची औषधाच्या प्रवाहाची रेघ तिला वेगळी वाटली. रेघ सरळच होती, पण डोळे बारीक करून पाहिलं तर तिला पायऱ्या पडल्या होत्या. थांब, उडी. थांब, उडी. तासाभराचा हिशेब केला तर औषध बरोबर तेवढंच गेलेलं. प्रमाणपत्र तासाभराच्या हिशेबावर मिळतं, त्यामुळे पंप पास. पण त्या पायऱ्या? नायलॉन हवेतलं पाणी पितं आणि फुगतं, हे तिला माहीत होतं. फुगलेले दात एकमेकांत रुतत असतील. मोटर रेटत राहते, दट्ट्या अडतो, आणि जोर पुरेसा साठला की एकदम पुढे सरकतो. आत्ता उड्या बारीक होत्या. गिअर आणखी फुगला तर?

हे सगळं ‘तर’वर उभं होतं. एक पंप, नियमाबाहेरची पेटी. आणि गिअर तस्नीमचा.

तिने गटात लिहिलं, ‘दमट हवेत गिअरबद्दल मला शंका आहे, पाठवणी थांबवावी असं वाटतं.’ अंगठा पाठवण्याच्या बाणावर नेला. मग पुसलं. आपण काही लपवलं असं तिला वाटलं नाही. दुवा आहे, कळवेल.

ती हॉलमध्ये जाऊन फलकाकडे बघत उभी राहिली. हिरवा.

दुसऱ्या दिवशी तिने परत लिहिलं, परत पुसलं. फलक हिरवाच. तिसऱ्यांदा तिने जास्त कडक शब्द वापरले, पुसायच्या आधी मुद्दाम बराच वेळ थांबली. नाडी तर आपोआपच धावत होती. फलकावर ढिम्म फरक नाही. मग तिने स्वतःची समजूत घातली: इतक्या लोकांमधून एकालाही शंका नाही, म्हणजे चूक आपलीच. समजूत तिने घातली खरी, पण पाय हलायचा थांबेना. जेवताना हलायचा, गाडी चालवताना सिग्नलला हलायचा. पंप परवा जाणार होते. मग उद्या जाणार होते.

* * *

श्रेणिक, तिचा नवरा, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. संध्याकाळी तो गॅलरीत उत्तरपत्रिका तपासत बसला होता. शर्वाणी येऊन समोरच्या खुर्चीवर बसली. उठली. झाडांना पाणी घातलं. परत येऊन बसली.

“काय झालंय?” त्याने विचारलं.

“काही नाही.”

त्याने पेनाचं टोपण लावलं. “शर्वाणी, रागावू नकोस. तू हल्ली हे फार करतेस. समोर येऊन बसतेस आणि मला आपोआप काहीतरी कळेल म्हणून वाट बघतेस. मला कळत नाही गं. मी तो तुमचा दुवा नाही. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं पण असंच झालं. तुला यायला जमणार नव्हतं हे मला दवाखान्याच्या दारात कळलं.”

तिने मान खाली घातली. ते खरं होतं. न येण्याबद्दल ती मनातल्या मनात किती दिवस वाक्यं जुळवत होती.

मग तिने सांगितलं. अडखळत, मागचं पुढे करत, पण सगळं सांगितलं: गिअर, पायऱ्या, तस्नीम, पुसलेले मेसेज. “आणि फलक हिरवा आहे,” ती शेवटी म्हणाली. “म्हणजे कुणालाच शंका नाही.”

“किंवा सगळ्यांनाच आहे.”

“म्हणजे?”

“दुवा माणसाची नेहमीची अडखळ शिकतो आणि तिच्यापेक्षा जास्त झाली तरच बोलतो, असंच ना?” श्रेणिक आता शिक्षकाच्या आवाजात आला होता. “आणि तूच सांगितलंस की आता सगळे रजेपासून चहापर्यंत सगळं लिहून पुसतात. म्हणजे तुमचं नेहमीचंच किती वाढलं! जत्रेत कुणी मला हाक मारली तर ती मला ऐकू येईल का? हाक तेवढीच मोठी असते, पण भोवतीचा गलका वाढलेला असतो. ते यंत्र बिचारं हळूहळू तुमच्या गलक्यालाच शांतता समजायला लागलं असेल.”

शर्वाणी त्याच्याकडे बघत राहिली. दुवा आणताना तिने सगळी माहिती वाचली होती. दर आठवड्याला तो प्रत्येकाची नेहमीची लय नव्याने शिकतो, हे तिनेच सगळ्यांना समजावून सांगितलं होतं, त्याचा मोठेपणा म्हणून.

“उद्या सकाळी गाडी जाणार आहे,” ती म्हणाली.

“मग सकाळी लवकर जा.”

* * *

ती पोचली तेव्हा आवारात ट्रक उभा होता आणि हमाल शेवटची खोकी चढवत होते. तस्नीम हॉलच्या दाराशी हातात चहाचा कप घेऊन एकटीच उभी होती. कित्येक दिवसांत त्या एकमेकींशी कामाशिवाय बोलल्या नव्हत्या.

“तस्नीम,” शर्वाणी म्हणाली, आणि थांबली तर परत बोलता येणार नाही म्हणून एका दमात पुढचं बोलून गेली. “गिअर दमट हवेत फुगतोय असं मला वाटतंय. मी एक पंप पेटीत ठेवला होता. दट्ट्या अडकून उडी मारतो.”

तस्नीमने कप खाली ठेवला. ती चिडेल म्हणून शर्वाणी खांदे आक्रसून उभी राहिली.

“उघड्या राहिलेल्या पिशवीतले गिअर दुसऱ्या दिवशी बसवायला जड जातात,” तस्नीम हळूच म्हणाली. “असेंब्लीच्या मंगलताईंनी मला दाखवलं होतं. दाबून बसवावे लागतात.”

“तुला माहीत होतं?”

“संशय होता. मी लिहिलं, पुसलं. दोन आठवडे तेच करतेय. तुझ्यापर्यंत आलं नाही?”

“नाही. माझं तुझ्यापर्यंत?”

तस्नीमने मान हलवली. मग तिने आवाराकडे पाहिलं. इंगवल्यांची गाडी फाटकातून आत येत होती, मागे पाठवणीच्या समारंभाला बोलावलेल्या पाहुण्यांच्या दोन गाड्या.

“मला आधी सरांशी बोलू दे,” ती म्हणाली. “एकटीला. गिअर मी निवडलाय, शर्वाणी. सगळ्यांसमोर निघालं तर मी संपले. जरा थांब, मी पाहुण्यांतून त्यांना बाजूला घेते.”

“गाडी निघेल गं.”

“थोडा वेळ दे मला. एवढंच मागतेय.”

शर्वाणीने मान डोलावली.

ती हॉलच्या भिंतीला टेकून बघत राहिली. तस्नीम इंगवल्यांपर्यंत गेली, त्यांनी हसून तिची पाहुण्यांशी ओळख करून दिली, “नव्या पंपामागचं डोकं हे!” तस्नीम काहीतरी पुटपुटली. त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढे निघाले. ती तिथेच उभी राहिली. सगळे कामगार, इंजिनिअर फलकाखाली जमले. नारळ आला, हळद-कुंकवाचं ताट आलं. ट्रकच्या ड्रायव्हरने दार लावून घेतलं. तस्नीमने एकदा शर्वाणीकडे पाहिलं, आणि ते पाहणं ‘थांब’ म्हणणारं होतं की ‘आता काय करू’ म्हणणारं, हे शर्वाणीला कळलं नाही.

“सर, गाडी पाठवू नका,” शर्वाणी म्हणाली.

आवाज इतका बारीक आला की इंगवल्यांनी “काय म्हणालात?” असं विचारलं. तिला परत म्हणावं लागलं. मग तिने पंप, पेटी, पायऱ्या सगळं सांगितलं.

इंगवले चक्रावले. त्यांनी फलकाकडे बोट केलं. “मॅडम, तुम्हीच शिकवलंत आम्हाला हे वाचायला. हिरवा आहे की. इतके दिवस कुणाला एक शंका नाही, आणि आज पाहुण्यांसमोर?”

“सर, त्याला आता आपलं ऐकू येत नाही.” ती लोकांकडे वळली. “तुमच्यापैकी कुणाला या गिअरबद्दल शंका आहे?”

कुणी बोललं नाही. शर्वाणी एकेका चेहऱ्याकडे बघत गेली. असेंब्लीच्या मंगलताई पाटोळे, दुरुस्तीवर फिरणारा दिगंबर सुतार, स्टोअरची माणसं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. आणि तिच्या लक्षात आलं की सगळ्यांचे अंगठे हलत होते. हॉलभर ते लिहीत होते, पुसत होते, लिहीत होते, पुसत होते, काचेवरच्या बोटांची बारीक टकटक ऐकू येत होती. डोक्यावरचा फलक शांतपणे हिरवा होता.

इंगवल्यांनाही ते दिसलं. त्यांनी फलकाकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, परत फलकाकडे. नारळ धरलेला त्यांचा हात हळूहळू खाली आला.

“फोन ठेवा आणि बोला,” शर्वाणी म्हणाली. तिचा आवाज फाटला. “कुणीतरी बोला हो.”

एक पाहुणा खाकरला.

“मला आहे,” तस्नीम म्हणाली. ती पुढे आली नाही, जिथे होती तिथूनच बोलली. “गिअर मी निवडला आणि मलाच शंका आहे. दोन आठवड्यांपासून.”

मग मंगलताई म्हणाल्या की गिअर दाबून बसवावे लागतात, हे काही बरोबर नाही. सुतार म्हणाला की नमुन्याच्या पंपाला कान लावला तर मधूनच कट्‌ असा आवाज येतो, त्याला वाटलं आपलेच कान वाजतात. स्टोअरमधून कुणीतरी आणखी काही म्हणालं. सगळे एकदम बोलायला लागले, इतक्या दिवसांचं साठलेलं. तो गोंगाट ऐकून इंगवल्यांनी ड्रायव्हरला हाताने खूण केली. ट्रकचं दार उघडलं.

* * *

पंप महिनाभर दमट पेट्यांत चालवले. बऱ्याच पंपांचे गिअर इतके फुगले की दट्ट्या तास-तास अडून राहिला आणि मग साठलेलं सगळं औषध एका झटक्यात पुढे गेलं. ओंजळीएवढ्या बाळाच्या अंगात ते गेलं असतं तर काय झालं असतं, याचं गणित शर्वाणीने अर्धवट सोडून दिलं. धातूचे गिअर परत आले. ऑर्डर उशिरा गेली, पण गेली.

दुवा काढला नाही. बंगळुरूच्या मंडळींनी येऊन त्याची गाळणी बदलली. आता तो सवयीचं लिहिणं-पुसणं बाजूला काढतो म्हणे. शर्वाणीने इंगवल्यांकडे एकच गोष्ट मागितली, समोर उभी राहून: पाठवणीआधी सगळ्यांनी हॉलमध्ये यायचं, फोन बाहेर ठेवायचे, आणि ज्याला जे वाटतं ते त्याने तोंडाने सांगायचं. पहिल्या खेपेला सगळे चपला बघत उभे राहिले. दुसऱ्या खेपेला चहावरून भांडण झालं. इंगवले म्हणाले, यात फार वेळ जातो. शर्वाणी म्हणाली, जाऊ दे.

तस्नीमला कुणी काढलं नाही. तिला ‘विशेष प्रकल्प’ नावाच्या एका कोपऱ्यातल्या खोलीत बसवलं. खोलीत प्रकल्प नव्हता. दोन महिन्यांनी ती दुसऱ्या एका कारखान्यात निघून गेली, निरोपाचा चहा न घेता.

शर्वाणी तिला मेसेज लिहायची. घरच्या फोनवरून, साध्या ॲपमध्ये. लिहायची आणि पुसायची. इथे ते कुणापर्यंतच जात नव्हतं, हे तिला माहीत होतं, तरी बोटं तेच करायची. एका रविवारी सकाळी श्रेणिकने तिच्या हातात गाडीची किल्ली दिली. त्याने कुठे जा म्हणून सांगितलं नाही.

तस्नीम उजळाईवाडीला विमानतळाच्या बाजूला राहायची. दार तिनेच उघडलं. तिने शर्वाणीकडे पाहिलं, बाजूला झाली, पंखा लावला, पाणी आणून दिलं. मग समोर बसली.

“बोल.”

“सॉरी म्हणायला आलेय.”

“कशाबद्दल?” तस्नीम म्हणाली. “गाडी थांबवली त्याबद्दल? ते बरोबरच होतं. तू नसतं केलंस तर मला आयुष्यभर झोप लागली नसती.”

“मग?”

“मी तुझ्याकडे थोडा वेळ मागितला होता. तू मान डोलावलीस, शर्वाणी. मला वाटलं, आहे माझ्यामागे ही. आणि मी वळून बघते तोवर तू सगळ्यांसमोर—” ती थांबली. “वर्षभर तू मला मनातलं काही बोलली नाहीस. आणि बोललीस तेव्हा वाट बघितली नाहीस.”

पूर्वीची शर्वाणी इथे गप्प झाली असती. तिच्या घशाला आत्ताही कोरड पडली होती. तिने ग्लास उचलला आणि न पिता ठेवला.

“मी बघत होते तुझ्याकडे,” ती म्हणाली. “तू त्यांच्याजवळ गेलीस. ते हसले आणि तू काहीच बोलली नाहीस. नारळ आला तरी बोलली नाहीस. ट्रकचं दार लागलं. तू मला सांग, तू बोलली असतीस? मी थांबले असते तर?”

“तू मला उलट विचारतेयस?”

“हो, विचारतेय. गिअर बदलताना तू मला विचारलं नव्हतंस, तेही विचारतेय.” शर्वाणीचा आवाज चढला होता, शेजारच्या खोलीतून तस्नीमची सासू डोकावून गेली. “खरं सांग. बोलली असतीस?”

तस्नीम खिडकीकडे बघत बसली. विमानतळाच्या बाजूने काहीतरी घरघरत वर चढलं आणि लांब गेलं.

“बहुतेक नाही,” ती म्हणाली. “पण ते ठरवायची संधी माझी होती. ती तू घेतलीस.”

“हो,” शर्वाणी म्हणाली. “घेतली.”

पंखा फिरत होता. शर्वाणी उठली नाही, आणि तस्नीमनेही तिला जा म्हटलं नाही.